प्रवाहाच्या सिम्युलेशनमध्ये कण सोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्याच्या माडीवर दर शनिवारी संध्याकाळी आमचा एक लहान अभ्यासगट जमतो. मकरपुरा आणि नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतींत नोकरी करणारे काही अभियंते तेथे येतात. कलाभवनातील काही विद्यार्थीही येतात; सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेले हे कलाभवन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा म्हणून ओळखले जाते. सायक्लोन (हवा गरगर फिरवून धूळ वेगळी करणारे यंत्र), धुळीचे डक्ट (हवा वाहून नेणारी नळी), स्प्रे ड्रायर (द्रवाचे थेंब फवारून वाळवणारे यंत्र) अशा यंत्रांमधील हवेचा प्रवाह संगणकावर सोडवल्यानंतर त्यात कण कसे सोडावेत, याविषयीचे प्रश्न तेथे पुन्हा पुन्हा निघतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. सॉफ्टवेअरचे उल्लेख ओपनफोम आणि फ्लुएंट या दोन पॅकेजांपुरते आहेत, कारण आमच्याकडे तीच वापरली जातात.

आकडेमोडीसाठी सर्वत्र एकच उदाहरण घेतले आहे. वीस सेंटीमीटर बाजूचे चौकोनी डक्ट आहे, त्यातून हवा १५ मीटर प्रति सेकंद वेगाने जाते, पुढे एक काटकोनी वळण आहे आणि वळणाखाली भुकटी साठण्यासाठी हॉपर, म्हणजे नरसाळ्यासारखे भांडे, आहे. हवेबरोबर सेकंदाला १० ग्रॅम खनिज भुकटी येते. भुकटीची घनता २,५०० किलो प्रति घनमीटर, हवेची घनता १.२ किलो प्रति घनमीटर आणि हवेची व्हिस्कॉसिटी (चिकटपणा) ०.००००१८ पास्कल-सेकंद धरली आहे.

प्रवाह नीट सोडवलेला असताना केवळ कण सोडण्याच्या पद्धतीने निकाल इतका का बदलतो?

ज्याने शेतावर धान्य उफणताना पाहिले आहे, त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. डभोईच्या बाजूला एका शेतावर गहू उफणताना मी लहानपणी तासन्‌तास उभा राहत असे. तिवईवर उभा राहिलेला माणूस सूप डोक्याच्या वर धरतो, वाऱ्याचा अंदाज घेतो आणि सूप अगदी थोडे कलते करून हलवत राहतो. धान्य जवळजवळ पायाशी पडते, काड्या थोड्या पुढे पडतात आणि भूस दूर उडून जाते. वारा तोच असला तरी सूप खाली आणले, एकदम उलटे केले किंवा वाऱ्याच्या दिशेने झटकले, तर धान्य आणि भूस एकाच ढिगात पडतात. वाऱ्याचे गणित बरोबर सोडवणे हे सॉल्व्हरचे, म्हणजे प्रवाहाची समीकरणे सोडवणाऱ्या प्रोग्रॅमचे, काम आहे, परंतु सूप कोठे, किती उंचीवर आणि कसे धरायचे हे सॉल्व्हर ठरवत नाही. ते आपण इंजेक्शनच्या, म्हणजे कण सोडण्याच्या, नोंदीत लिहून देतो. जागा, वेग, आकार, वस्तुमान आणि वेळ या पाच बाबी आपण लिहिल्या नाहीत, तर सॉफ्टवेअर त्यांच्या जागी स्वतःची मूल्ये भरते, आणि ती आपल्या कारखान्यातील नसतात.

माझा आग्रह असा आहे की, या पाचही बाबींपुढे प्रत्येक आकडा कोठून आला ते लिहावे: मोजला, कारखान्याच्या नोंदवहीतून घेतला की अंदाजाने धरला. अंदाज धरणे गैर नाही. मात्र तो अंदाज होता हे तीन महिन्यांनी आपल्या स्वतःच्याही लक्षात राहत नाही, आणि मग त्याच आकड्याला मोजमापाचा मान मिळू लागतो.

प्रत्येक खरा कण गणितात घ्यावा लागतो का?

नाही, आणि ते शक्यही नाही. आपल्या डक्टमधील सर्व भुकटी १० मायक्रॉनची आहे असे धरले, तर एका कणाचे वस्तुमान सुमारे १.३ नॅनोग्रॅम भरते आणि सेकंदाला सुमारे ७६४ कोटी कण आत येतात. म्हणून एकसारखे असंख्य कण एका प्रातिनिधिक कणात बांधले जातात, आणि त्या गाठोड्याला पार्सल म्हणतात. सेकंदाला ५०,००० पार्सल सोडली, तर एका पार्सलमध्ये सुमारे दीड लाख खरे कण येतात. पार्सलचा मार्ग काढताना ड्रॅग, म्हणजे हवेचा कणावरील ओढ-विरोध, एका कणाच्या व्यासावरून काढला जातो, पण हवेवर उलट दिला जाणारा जोर सर्व दीड लाख कणांचा मिळून धरला जातो. पार्सलची संख्या वाढवली की वस्तुमान वाढते असा समज नवशिक्यांमध्ये फार आढळतो. वस्तुतः तेच वस्तुमान अधिक गाठोड्यांत वाटले जाते, एवढेच घडते.

कण हवेमागे जाणार की स्वतःच्या दिशेने जाणार, हे आधी कसे ओळखावे?

चैत्रातल्या दुपारी आमच्या माडीच्या कौलांतून कवडसा येतो आणि त्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात. कोणी जिन्यावरून वर आले की सगळे कण एकदम वळतात आणि क्षणात पुन्हा शांत होतात. त्याच कवडशात चिमटीतून रांगोळी सोडली, तर तिचे भरड दाणे हवेच्या हालचालीची पर्वा न करता सरळ खाली जातात, आणि तिच्यातील पीठ मात्र मागे रेंगाळते. या फरकाचे माप म्हणजे कणाचा प्रतिसादकाळ. कणाची घनता आणि व्यासाचा वर्ग यांच्या गुणाकाराला व्हिस्कॉसिटीच्या अठरा पटीने भागले की तो मिळतो, आणि त्यामागे जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ साली मांडलेला ड्रॅगचा नियम आहे.

आपल्या भुकटीचा १० मायक्रॉनचा कण घेतला, तर प्रतिसादकाळ सुमारे ०.७७ मिलिसेकंद येतो. डक्टची रुंदी ओलांडायला हवेला सुमारे १३ मिलिसेकंद लागतात. या दोन काळांचे गुणोत्तर म्हणजे स्टोक्स संख्या, आणि ती येथे सुमारे ०.०६ आहे. हा कण वळणावर हवेबरोबर बराचसा वळेल. व्यास १०० मायक्रॉन केला की प्रतिसादकाळ शंभर पटीने वाढून ७७ मिलिसेकंद होतो आणि स्टोक्स संख्या ६ च्या जवळ जाते. एवढ्या वेगाला स्टोक्सचा साधा नियम पुरत नाही आणि शिलर-नॉमन यांची ड्रॅगची दुरुस्ती धरावी लागते, परंतु ती धरूनही संख्या १ च्या वरच राहते, म्हणजे हा कण वळणाच्या बाहेरच्या भिंतीवर जाऊन आदळणार. ही दोन मिनिटांची आकडेमोड रन लावण्याआधी कागदावर करावी. रन संपल्यावर १०० मायक्रॉनचे कण वळणावर सुरेख वळताना दिसले, तर व्यास किंवा घनता चुकीच्या एककात गेली आहे हे चित्र पाहताक्षणी कळते. ओपनफोममध्ये व्यास मीटरमध्ये लिहावा लागतो, आणि शून्यांची संख्या चुकणे ही आमच्या गटात सर्वाधिक वेळा सापडलेली चूक आहे.

कणाला सुरुवातीचा वेग किती द्यावा?

कण किती अंतरात हवेचा वेग पकडतो, यावर या प्रश्नाचे महत्त्व अवलंबून आहे. दहा मायक्रॉनचा कण स्थिर अवस्थेत सोडला, तरी एका सेंटीमीटरच्या आसपास तो हवेच्या वेगाला येऊन मिळतो, त्यामुळे तेथे वेग शून्य दिला काय किंवा १५ दिला काय, वळणावर फरक पडत नाही. शंभर मायक्रॉनच्या कणाची गोष्ट वेगळी आहे. पंधरा मीटर प्रति सेकंदाचा वेगातील फरक भरून निघायला दुरुस्त ड्रॅग धरून सुमारे चाळीस सेंटीमीटर लागतात. कण सोडण्याची जागा आणि वळण यांच्यात तेवढे अंतर नसेल, तर निकालात दिसणारी गोष्ट यंत्राची नसून आपण टाइप केलेल्या वेगाची असते. शक्य असेल तर प्रवेशाची जागा मागे सरकवावी आणि डक्टची सरळ लांबी वाढवून घ्यावी. त्यासाठी थोडी मेश (गणितासाठी जागेचे सेल नावाच्या लहान खणांत केलेले जाळे) वाढते, पण एक अंदाज कायमचा कमी होतो.

नोझलमधून द्रव सोडताना वेग दाबावरून काढता येतो. पाण्यासाठी ५० बार दाबफरक असेल, तर आदर्श वेग १०० मीटर प्रति सेकंद येतो आणि नोझलच्या गुणांकाने तो काहीसा कमी होतो. प्रवाहदर आणि छिद्राचे क्षेत्रफळ यांवरून काढलेला वेग याच्याशी जुळतो का, हे पाहावे. दोन्हींत मोठा फरक आढळला, तर दाब नेमका कोठे मोजला होता याची चौकशी करावी. पंपाच्या तोंडाशी मोजलेला दाब आणि नोझलपाशी मिळणारा दाब एक नसतो.

कण कोठून सोडावेत? संपूर्ण प्रवेशद्वारातून, की एका बिंदूतून?

खऱ्या यंत्रात ते जेथून येतात तेथून, हे उत्तर साधे आहे, परंतु अमलात आणताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. धूळ लांब सरळ डक्टमधून येत असेल, तर ती छेदभर पसरलेली असते आणि पॅच इंजेक्शन किंवा सरफेस इंजेक्शन (संपूर्ण पृष्ठभागावरून कण सोडणे) योग्य ठरते. येथे लक्षात ठेवावयाची गोष्ट अशी की, प्रवेशद्वारावरील मेशचे चेहरे, म्हणजे खणांच्या बाजू, लहानमोठे असतात. प्रत्येक चेहऱ्यावरून सारखेच वस्तुमान सोडले, तर भिंतीजवळच्या बारीक चेहऱ्यांमुळे भिंतीलगत धूळ विनाकारण दाट होते. फ्लुएंटमध्ये प्रवाहदर चेहऱ्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटण्याचा पर्याय आहे आणि तो निवडावा. ओपनफोमचे पॅच इंजेक्शन जागा क्षेत्रफळाच्या प्रमाणातच निवडते.

नोझलसाठी शंकूच्या आकारात कण सोडणारे ‘कोन’ (cone) इंजेक्शन वापरतात, आणि त्यात अक्षाची दिशा तसेच आतील व बाहेरील कोन द्यावे लागतात. हा अर्धा कोन आहे की पूर्ण कोन, हे त्या सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेत प्रत्येक वेळी पाहून घ्यावे, कारण नोझल विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात बहुधा पूर्ण कोन छापलेला असतो.

बिंदूंची यादी देऊन कण सोडताना एखादा बिंदू नेमका भिंतीवर किंवा मेशच्या बाहेर पडतो आणि तो कण जन्मतःच हरवतो. ओपनफोम अशा वेळी चूक दाखवून थांबते, पण बाहेरचे बिंदू दुर्लक्षित करण्याची सूचना दिलेली असेल तर मुकाट्याने पुढे जाते. ती सूचना चालू ठेवू नये. बिंदू भिंतीपासून थोडे आत घ्यावेत आणि सर्व आत आले की नाही हे मोजून पाहावे.

कणांच्या आकारांची वाटणी कशी द्यावी? सरासरी व्यास पुरणार नाही का?

सरासरी व्यासाने काम भागते असे मला आजवर एकाही औद्योगिक भुकटीत आढळलेले नाही. प्रतिसादकाळ व्यासाच्या वर्गाने बदलतो आणि वस्तुमान घनाने बदलते, त्यामुळे मध्यम कणाचे वागणे म्हणजे सर्व कणांचे मध्यम वागणे नव्हे. हॉपरमध्ये काय पडेल हे जाड कण ठरवतात आणि चिमणीतून काय निसटेल हे बारीक कण ठरवतात. मधला कण या दोन्ही प्रश्नांचे उत्तर देत नाही.

दळलेल्या पदार्थांसाठी रोझिन-रॅमलर वाटणी बहुतेक वेळा चांगली बसते. रोझिन आणि रॅमलर यांनी ती १९३३ साली दळलेल्या कोळशाच्या बारीकपणासाठी मांडली. तिला दोनच आकडे लागतात: एक संदर्भव्यास आणि एक फैलावाचा घातांक. संदर्भव्यास म्हणजे ज्याच्याहून जाड कणांचे वस्तुमान एकूण वस्तुमानाच्या ३६.८ टक्के असते तो व्यास. समजा प्रयोगशाळेच्या अहवालानुसार ४० मायक्रॉनहून जाड भाग ३६.८ टक्के आहे आणि २० मायक्रॉनहून जाड भाग ७० टक्के आहे. मग संदर्भव्यास ४० मायक्रॉन झाला. घातांकासाठी ०.७० चा नैसर्गिक लॉगरिदम काढून चिन्ह बदलले की ०.३५७ मिळते. त्याचा पुन्हा लॉगरिदम घेतला की उणे १.०३ येतो, आणि त्याला २० भागिले ४० च्या लॉगरिदमने, म्हणजे उणे ०.६९३ ने, भागले की घातांक सुमारे १.५ निघतो. आता पडताळा पाहावा: या दोन आकड्यांनुसार ८० मायक्रॉनहून जाड भाग सुमारे ६ टक्के असला पाहिजे. अहवालात तेथे १५ टक्के असेल, तर ही वाटणी या भुकटीला बसत नाही, आणि अहवालातील तक्ताच जसाच्या तसा द्यावा. किमान आणि कमाल व्यासही विचारपूर्वक ठेवावेत. या उदाहरणात कमाल व्यास १२० मायक्रॉन ठेवला, तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास वस्तुमानच छाटले जाते, तेवढे चालते.

याहून मोठा धोका अहवालाच्या स्तंभात असतो. सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजून केलेली वाटणी संख्येची असते. चाळणीने केलेली वाटणी वस्तुमानाची असते, आणि लेझर डिफ्रॅक्शनने (कणांवरून पसरणाऱ्या लेझर प्रकाशावरून) केलेली सामान्यतः आकारमानाची. शंभर मायक्रॉनच्या एका कणात १० मायक्रॉनच्या हजार कणांचे वस्तुमान सामावते, यावरून या दोन प्रकारच्या वाटण्या किती वेगळ्या दिसत असतील याची कल्पना यावी. ओपनफोममध्ये पार्सलबेसिसटाइप या नोंदीत मास लिहिले, तर प्रत्येक पार्सलला वस्तुमानाचा वाटा मिळतो आणि फिक्स्ड लिहिले, तर प्रत्येक पार्सलमधील कणांची संख्या ठरलेली राहते. पहिल्या प्रकाराला वस्तुमानाची वाटणी द्यावी आणि दुसऱ्याला संख्येची. ही अदलाबदल झाली तर कोणतीही सूचना येत नाही, रन सुरळीत पार पडतो आणि निकाल चुकतो.

एकूण वस्तुमान लिहिताना कोणत्या चुका होतात?

येथे माझी स्वतःची चूक सांगणे मला योग्य वाटते. वर दिलेले डक्ट काल्पनिक नाही. ते सममित असल्यामुळे मी मधोमध सममितीचे प्रतल घेऊन अर्धेच डक्ट मेशमध्ये घेतले होते. नोंदवहीतून सेकंदाला १० ग्रॅम हा आकडा घेतला आणि तो तसाच इंजेक्शनमध्ये लिहिला. अर्ध्या डक्टमध्ये ५ ग्रॅम सोडायला हवे होते. शेवटी निकाल पूर्ण डक्टसाठी दुप्पट केला आणि आठ तासांच्या पाळीत हॉपरमध्ये ४३२ किलो भुकटी जमेल असे कारखान्याला कळवले. तेथील पाळीप्रमुखांनी गोण्या काट्यावर लावल्या, वजन लिहून घेतले आणि मला शांतपणे विचारले की आठ तासांत २८८ किलोच आत येते, तर वरचे दीडशे किलो कोठून आणू? गोण्यांचे वजन २१० किलोंच्या थोडे वर भरले होते, म्हणजे माझ्या आकड्याच्या जवळजवळ बरोबर निम्मे. वळण, मेश, ड्रॅग, भिंत, सर्व ठीक होते, फक्त सोडलेल्या आणि जमलेल्या वस्तुमानाची बेरीज मी एकदाही मांडलेली नव्हती. त्या दिवसापासून मी निकालाचे रंगीत चित्र उघडण्याआधी बेरीज मांडतो.

फ्लुएंटमध्ये अक्षसममित केससाठी (केस म्हणजे एका सिम्युलेशनची मांडणी) प्रवाहदर पूर्ण वर्तुळाचा धरला जातो आणि द्विमितीय केससाठी एक मीटर खोलीचा, हेही याच ओघात ध्यानात ठेवावे.

ओपनफोममध्ये वेळेवर अवलंबून असलेल्या केससाठी मासटोटल ही नोंद संपूर्ण कालावधीत सोडावयाचे वस्तुमान सांगते, प्रति सेकंद नव्हे. ते वस्तुमान ड्युरेशन या नोंदीतील काळावर पसरवले जाते. फ्लोरेटप्रोफाइल या नोंदीतून केवळ प्रवाहाच्या चढउताराचा आकार घेतला जातो, म्हणून तेथे स्थिर १ लिहिले काय किंवा स्थिर १०० लिहिले काय, सोडलेले वस्तुमान बदलत नाही. आपल्या डक्टसाठी २ सेकंदांचे इंजेक्शन हवे असेल, तर पूर्ण डक्टला मासटोटल ०.०२ किलो द्यावे. नंतर कोणी केवळ कालावधी २ वरून ४ केला आणि मासटोटल तसेच ठेवले, तर धुळीचा दर निम्मा होतो. जुन्या केसची नक्कल करून नवी केस बनवताना ही गोष्ट हमखास घडते.

किती पार्सल पुरेशी आहेत?

जो आकडा काढावयाचा आहे तो किती पार्सलांवर उभा आहे, हे मोजावे. दहा हजार पार्सल सोडली आणि त्यांपैकी एक टक्का बाहेर निसटली, तर निसटण्याचा आपला आकडा फक्त शंभर पार्सलांवर उभा आहे. यादृच्छिक मोजणीतील अनिश्चितता संख्येच्या वर्गमुळाने कमी होते, म्हणजे शंभर पार्सलांवर ती सुमारे दहा टक्के असते. ती तीन टक्क्यांपर्यंत आणावयाची असेल, तर लाखभर पार्सल लागतात. हॉपरमध्ये किती पडले एवढेच हवे असेल, तर दहा हजारही पुष्कळ होतात. पार्सल दुप्पट करून एकदा रन लावावा, आणि निकाल आपल्या गरजेपेक्षा जास्त हलला तर पुन्हा दुप्पट करावा.

फ्लुएंटच्या वेळेवर अवलंबून असलेल्या केसमध्ये स्टँडर्ड पद्धत निवडली असेल, तर प्रत्येक प्रवाहमार्गावर दर टाइम स्टेपला, म्हणजे गणितातील काळाच्या प्रत्येक टप्प्याला, एक पार्सल सुटते. म्हणून टाइम स्टेप निम्मी केली की पार्सल आपोआप दुप्पट होतात. टाइम स्टेपचा परिणाम तपासताना दोन गोष्टी एकदम बदललेल्या असतात, हे विसरू नये.

कणांचा हवेवर होणारा परिणाम धरावा का?

यासाठी कणांनी व्यापलेल्या आकारमानाचे प्रमाण काढावे. आपल्या डक्टमधून सेकंदाला ०.६ घनमीटर हवा जाते, म्हणजे एका घनमीटरात सुमारे १६.७ ग्रॅम भुकटी असते, आणि तिचे आकारमान हवेच्या दहा लाख भागांत सुमारे ६.७ भाग भरते. सर्वमान्य ढोबळ मर्यादा अशा आहेत की, दहा लाखांत एका भागाहून कमी असेल तर हवा कणांना वाहून नेते एवढेच धरावे. त्याच्या वर, हजारात एका भागापर्यंत, कणांचा हवेवरील उलट परिणामही धरावा. आणि त्याहूनही दाट असेल तर कणांची आपापसांतील टक्करही धरावी. आपले डक्ट मधल्या पट्टीत, पण तिच्या खालच्या टोकाला आहे. वस्तुमानाने पाहिले तर भुकटी हवेच्या सुमारे १.४ टक्के आहे, म्हणून सरासरी प्रवाहात फरक अल्प असेल. मी येथे दोन्ही प्रकारे रन लावून पाहिला होता आणि दाबातील फरक नगण्य होता. मात्र वळणाच्या बाहेरच्या भिंतीलगत भुकटीचा दाट पट्टा तयार होतो, आणि तेथील प्रमाण सरासरीच्या कितीतरी पट असते. सरासरीवर समाधान न मानता तो पट्टा वेगळा तपासावा.

उलट परिणाम धरावयाचा असेल, तर आधी कणांविना प्रवाह कन्व्हर्ज, म्हणजे उत्तर स्थिर, होऊ द्यावा, मग कण सोडावेत, आणि कणांकडून हवेच्या समीकरणांत येणाऱ्या पदांना (स्रोतपदांना) अंडर-रिलॅक्सेशन द्यावे, म्हणजे त्यांचा बदल थोडा थोडा करून लागू करावा. घाई करून दोन्ही एकदम सुरू केले की स्थिर केस हेलकावे खाऊ लागते.

कण सेलपेक्षा मोठा असला तर चालते का?

या पद्धतीत कण हा बिंदू मानलेला असतो, आणि त्याच्याभोवतीच्या हवेचा वेग सेलमधून घेतला जातो. कण सेलच्या मापाचा झाला की तो वेग कणाने आधीच विस्कळीत केलेला असतो, आणि मग ड्रॅगचे सूत्रच अर्थ गमावते. मेश बारीक करण्याची सवय एरवी चांगली असली, तरी येथे तिला मर्यादा आहे. सेल कणाच्या व्यासाच्या काही पट मोठा राहील हे पाहावे.

टर्ब्युलन्समुळे होणारी पसरण चालू करावी का?

टर्ब्युलन्स म्हणजे प्रवाहातील अनियमित खळबळ; तिची केवळ सरासरी धरणारे रेनॉल्ड्स-सरासरी मॉडेल वापरत असाल, तर सॉल्व्हरकडे केवळ सरासरी वेग असतो. पसरण बंद ठेवली, तर एकाच जागेवरून सोडलेले एकसारखे सर्व कण एकाच रेषेत जातात, आणि वास्तवात असे घडत नाही. यासाठी यादृच्छिक चालीचे मॉडेल वापरतात, ज्यात कणाला प्रत्येक भोवऱ्यात टर्ब्युलन्सच्या ऊर्जेवरून काढलेला एक यादृच्छिक धक्का मिळतो. ओपनफोममध्ये त्याला स्टोकॅस्टिक डिस्पर्शन म्हणतात. असे रन करताना एकाच जागेवरून एक कण सोडून भागत नाही, पुष्कळ वेळा सोडावा लागतो.

या मॉडेलचा एक दोष जाणून घेतल्याशिवाय ते वापरू नये. भिंतीजवळ हवेची भिंतीकडे जाणारी हालचाल फार झपाट्याने मंदावते, परंतु मॉडेल तिन्ही दिशांना सारखेच धक्के देते. परिणामी काही मायक्रॉनचे बारीक कण भिंतीवर वास्तवापेक्षा कितीतरी जास्त आदळतात. बारीक कण किती चिकटले हाच आपला प्रश्न असेल, तर या निकालावर विसंबू नये. भिंतीजवळची दुरुस्ती किंवा अधिक तपशिलाचे टर्ब्युलन्स मॉडेल घ्यावे.

भिंतीवर कणाचे काय होते हे कसे ठरवावे?

कण उसळतो, चिकटतो किंवा बाहेर जातो, असे तीन मुख्य पर्याय असतात. काहीच लिहिले नाही, तर फ्लुएंट भिंतीवर पूर्ण लवचीक उसळी धरते, म्हणजे कण काहीही ऊर्जा न गमावता परत येतो. पोलादावर कोरडी वाळूही अशी उसळत नाही. लंब आणि समांतर दिशांचे उसळीचे गुणांक वेगवेगळे द्यावेत, आणि ते माहीत नसतील तर दोन टोकांची मूल्ये घेऊन निकाल किती हलतो ते पाहावे. ओलसर किंवा साखरयुक्त भुकटीसाठी चिकटणे हा पर्याय जवळचा वाटतो. हॉपरच्या तळाला चिकटण्याचा पर्याय दिला नाही, तर कण तेथे उड्या मारत राहतात, मार्ग काढण्याच्या गणिती पावलांची कमाल मर्यादा ओलांडतात आणि अपूर्ण म्हणून वगळले जातात. अपूर्ण कणांची संख्या एक-दोन टक्क्यांवर गेली, तर मर्यादा वाढवण्याआधी ते कण कोठे अडकले आहेत हे चित्रात पाहावे. बहुधा ते मागे फिरणाऱ्या एखाद्या भोवऱ्यात असतात, आणि ती माहिती स्वतःच मोलाची असते.

द्रवाचे थेंब सोडताना आणखी काय द्यावे लागते?

तापमान, आणि द्रवाचे बाष्पीभवनाचे गुणधर्म. व्यासासाठी नोझलच्या माहितीपत्रकात बहुधा साउटर सरासरी व्यास दिलेला असतो, म्हणजे थेंबांच्या एकूण आकारमानाचे एकूण पृष्ठफळाशी प्रमाण दाखवणारा व्यास. तो रोझिन-रॅमलरच्या संदर्भव्यासाच्या जागी थेट लिहू नये, दोन्ही वेगळे आहेत.

वस्तुमानाची बेरीज नेमकी कशी मांडावी?

ओपनफोमच्या लॉगमध्ये प्रत्येक टप्प्याला त्या क्षणी आत असलेल्या पार्सलांची संख्या, आत असलेले वस्तुमान, इंजेक्शनमधून आजवर सोडलेले वस्तुमान, आणि प्रत्येक सीमेवर किती वस्तुमान बाहेर गेले व किती चिकटले हे छापले जाते. सोडलेले वस्तुमान एका बाजूला लिहावे. दुसऱ्या बाजूला चिकटलेले, बाहेर गेलेले आणि अजून हवेत असलेले यांची बेरीज लिहावी. फरक पडला तर कण हरवत आहेत. आमच्या डक्टच्या दुरुस्त केलेल्या केसमध्ये दोन सेकंदांत सोडलेले १० ग्रॅम अर्ध्या डक्टसाठी तंतोतंत जुळले, आणि मग हॉपरचा वाटा तीन-चतुर्थांश निघाला. काट्यावरच्या गोण्यांचे वजनही तेच सांगत होते.

रन मध्येच थांबला आणि पुन्हा सुरू केला, तर कण दुप्पट सुटतात का?

फोल्डर जसेच्या तसे असतील तर सुटत नाहीत. ओपनफोम कणांच्या जागा त्या वेळेच्या फोल्डरमधील लॅग्रांजियन या उपफोल्डरमधून वाचते, आणि आजवर किती वस्तुमान सोडले याची नोंद युनिफॉर्म या उपफोल्डरमधून वाचते. डिस्कवर जागा करण्यासाठी युनिफॉर्म फोल्डर पुसले, तर कण जागच्या जागी राहतात पण सोडलेल्या वस्तुमानाची मोजणी शून्यापासून सुरू होते, आणि वर सांगितलेली बेरीज जुळत नाही. अशा वेळी आधीच्या लॉगमधील शेवटचा आकडा हाताने मिळवावा. त्यासाठी जुना लॉग नव्या रनखाली पुसला जाऊ न देता वेगळ्या नावाने ठेवावा.